समुद्रतळाशी गेलेला संसार



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती येतात, ओव्या येतात, कुणाची काशीयात्रा येते. इतिहासावर लिहावयाचे म्हटले की मात्र आपण एकमेकींच्या तोंडाकडे पाहतो आणि अखेरीस जिजाबाई किंवा अहिल्याबाई यांवर लेख ठरतो. त्या दोन्ही माउलींना माझा नमस्कार. परंतु यंदा मी निराळा विषय घेतला आहे. आपल्या वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस, गोव्यात मुरगाव बंदराच्या तोंडाशी समुद्रात काही जुनी जहाजे बुडालेली आहेत. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून माणसे त्या जागी उतरली, तेथे काय पडले आहे ते त्यांनी मोजले, त्याची चित्रे काढली, काही वस्तू वर आणल्या. त्या वस्तूंची हकीकत वाचताना मला असे वाटू लागले, की हा इतिहास राजेरजवाड्यांपेक्षा आपल्याच जास्त जवळचा आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले, आणि पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होडीवर कामाला असलेल्या माझ्या पुतण्याकडून जे समजून घेतले, ते आपल्या बोलीत सांगते.

बुडालेले जहाज म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोहरांनी भरलेली पेटी उभी राहते. माझ्याही घरात तोच प्रश्न प्रथम निघाला. तेव्हा पुतण्या हसून म्हणाला, "काकी, थंय सोना-बिना काय एक नाय गो." ते खरेच आहे. गोव्याच्या समुद्रात जे सापडले त्यात बरण्यांची खापरे आहेत, बशांचे तुकडे आहेत, घरावर घालावयाची कौले आहेत, आणि हत्तीचे दात आहेत. दातांचे बांगड्यांशी काय नाते, ते पुढे येईलच.

आधी पाण्याखाली जाण्याविषयी थोडे. समुद्रात बुडी मारणे आपल्या कोकणपट्टीला नवे नाही. कालवे काढणारे, नांगर अडकला तर सोडवणारे लोक पूर्वापार श्वास कोंडून खाली जात आले. परंतु कोंडलेल्या श्वासात किती वेळ काम होणार? मिनिट, दोन मिनिटे. इ. स. १९४३ मध्ये फ्रान्समधील झाक कुस्तो हा नौदलातील अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर या दोघांनी एक युक्ती सिद्ध केली. लोखंडी नळकांड्यात हवा दाबून भरायची, ते पाठीवर बांधायचे, आणि तोंडात धरायच्या नळीला अशी झडप बसवायची, की माणसाने श्वास ओढला तेवढीच हवा, आणि बाहेरच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबाने, आत यावी. यालाच आता स्कूबा म्हणतात. नळकांड्यात प्राणवायू असतो असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तेथे आपण घेतो तीच साधी हवा असते. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो, कानात दडे बसतात, आणि वर येताना श्वास मुळीच कोंडून धरायचा नाही असा कडक नियम आहे. कारण छातीतली हवा वर येता येता फुगते. या युक्तीमुळे पाण्याखाली निवांतपणे बसून काम करता येऊ लागले. घाईत ओरबाडून वर आणणे आणि शांतपणे बसून टिपण करणे, यात निवडणे आणि उधळणे इतका फरक आहे.

आपल्या देशात हे शास्त्र गोव्यातच वाढले. दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८० नंतरच्या दशकात तेथे समुद्रातील पुराणवस्तूंचा अभ्यास सुरू झाला. द्वारकेच्या समुद्रातील त्यांच्या कामाचे त्या वेळी फार कौतुक झाले होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत या संस्थेतील अभ्यासक आपल्या दाराशी असलेल्या खडकांकडे वळले. त्यांतील तीन जागा माझ्या या लेखाचा विषय आहेत: सुंची खडक, सेंट जॉर्जचा खडक आणि आमी नावाचा उथळ भाग.

मुरगावच्या नकाशावर नजर टाकली तर तेथे जहाजे का फुटली हे लगेच ध्यानात येते. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या एकमेकींजवळ समुद्राला मिळतात. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे; पावसाळ्यात त्यावरून जहाज आत नेणे अशक्य होई, म्हणून मुरगावचा आसरा घ्यावा लागे. आणि मुरगावच्या बाहेर पाण्याखाली लपलेले खडक. पोर्तुगालहून लिस्बनची जहाजे मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि सहा महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, गोव्याला लागत. एवढा आफ्रिकेला वळसा घालून आलेले जहाज घराच्या उंबरठ्यावर फुटावे, याला काय म्हणावे! त्यातच सतराव्या शतकात डच लोकांनी गोव्याच्या तोंडाशी आपली लढाऊ जहाजे आणून वर्षानुवर्षे नाकेबंदी केली. तेव्हा पोर्तुगीज नाखव्यांना चोरपावलांनी किनारा गाठावा लागे.

सुंची खडकावर पाणी फार खोल नाही. दुमजली घर बुडेल, इतकेच. परंतु तेथे लाट खडकावर आपटून मागे फिरते, आणि तिच्याबरोबर पाणबुड्याही. पाणी गढूळ असले तर स्वतःचा हातही दिसत नाही. पावसाळाभर तर तिकडे फिरकायलाच नको. थंडीचे दोन-तीन महिने काय ते समुद्र शांत असतो. अशा जागी अभ्यासकांना लोखंडी तोफा दिसल्या, नांगर दिसले, घडीव दगड दिसले, बंदुकीची ओतीव नळी मिळाली. तोफांवर समुद्राने इतके थर चढवले होते, की नवख्याला तो खडकच वाटावा. त्याखेरीज हत्तीचे दात, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, आणि मोठ्या जाड बरण्यांची खापरे. खापरांचे वय प्रयोगशाळेत काढल्यावर हे जहाज सतराव्या शतकातील, पोर्तुगीजांचे, असे ठरले. लाकूड मात्र उरले नाही. आपल्या उबदार समुद्रात लाकडाला पोखरणारा किडा असतो. तो वाळूने झाकलेले नसेल ते सगळे खाऊन टाकतो.

पुरुषमंडळी ही यादी वाचताना तोफांपाशी थांबतात. मी बरण्यांपाशी थांबले.

या बरण्यांना मर्तबान म्हणतात. ब्रह्मदेशात मर्तबान नावाचे बंदर होते; तेथून ही चकचकीत झिलई दिलेली, पोटाने रुंद, जाड भिंतीची मातीची भांडी जगभर जात, म्हणून बंदराचेच नाव भांड्याला पडले. उत्तरेकडे अजूनही लोणच्याच्या बरणीला मर्तबान म्हणतात, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल. अरबी प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात पूर्वेकडच्या समुद्रात हिंडला. त्याने लिहून ठेवले आहे, की एका राज्यातील राजकन्येने त्याला निरोप देताना तांदूळ, म्हशी, मेंढ्या यांबरोबर चार मर्तबान दिले आणि त्यांत आले, मिरी, लिंबू व आंबे खारवून भरलेले होते; समुद्रप्रवासासाठी अशीच तयारी करतात, असेही तो सांगतो. मला ही राजकन्या फार आवडली. पाहुणा लांबच्या प्रवासाला निघाला तर वाटेत त्याच्या तोंडाला चव राहील का, हे तिने पाहिले. आपण मुंबईला निघालेल्या मुलाच्या पिशवीत लोणच्याची बाटली घालतो, ते निराळे काय?

गोव्यात १५८३ सालापासून पाच-सहा वर्षे राहिलेला लिन्सखोतेन नावाचा डच लेखनिक होता. त्यानेही या बरण्यांविषयी लिहिले आहे: हिंदुस्थानभर त्या वापरल्या जातात, आणि पोर्तुगालला जाणाऱ्या जहाजांवर तेल, दारू आणि पाणी त्यांतच भरून नेतात. विचार करा, सहा महिन्यांचा प्रवास, चहूकडे पाणी आणि पिण्याला एक थेंब नाही. जहाजावर तोफ नसली तर कदाचित निभावेल. गोड्या पाण्याची बरणी फुटली तर निभावत नाही. तरी इतिहासाच्या पुस्तकात तोफेचे चित्र असते, बरणीचे नसते.

चिनी मातीचे तसेच. कपबशीला, बरणीला आपण सहज 'चिनी मातीची' म्हणतो आणि त्या शब्दात चीन देश आहे हे विसरतो. मकाव बंदरातून निघालेली ही भांडी मलाक्कामार्गे गोव्याला येत आणि तेथून लिस्बनला जात. आणि भांडीच का, शब्दही याच जहाजांनी आले. चावी, बादली, घमेले, बिजागरी, इस्त्री, पगार हे पोर्तुगीजांचे शब्द. आणि ज्याच्यावाचून आपली मुले उपासाच्या दिवशी जेवत नाहीत तो बटाटा, वेंगुर्ल्याचे ज्यावर आज पोट आहे तो काजू, आणि अननस, ही दर्याच्या पलीकडून त्यांनीच आणलेली. आपल्या घरातून हे सगळे वजा केले तर स्वयंपाकघर आणि माजघर दोन्ही निम्मे रिकामे होतील.

आता दात. पाणघोडा हिंदुस्थानात नाही. तो आफ्रिकेतला प्राणी. तेव्हा हे दात आफ्रिकेतूनच निघाले याविषयी शंका नको. मोझांबिकच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची ठाणी होती आणि तेथला हस्तिदंताचा व्यापार त्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुठीत होता. तो माल गोव्याला आणि दीवला येई. काही दातांतून गोव्यातील कारागीर चर्चसाठी बाळ येशूच्या आणि संतांच्या सुबक मूर्ती कोरीत. परंतु आफ्रिकेच्या हस्तिदंताला हिंदुस्थानात जी मोठी मागणी होती ती बांगड्यांसाठी. गुजरात, कच्छ, राजस्थान या भागांत नवरीला हस्तिदंती चुडा भरायची चाल होती. आपला चुडा काचेचा आणि हिरवा, त्यांचा दाताचा आणि पांढरा किंवा लाल रंगवलेला. शब्द मात्र एकच. आणि तो चुडा आईकडून मुलीकडे जात नसे. बाई सवाष्ण गेली तर तिच्याबरोबर जाई, विधवा झाली तर फोडला जाई. प्रत्येक लग्नाला नवा चुडा हवा. म्हणून ही मागणी शेकडो वर्षे कधी आटली नाही.

हे वाचून मी जरा थांबले. एका मुलीच्या मनगटात चुडा भरला जावा म्हणून आफ्रिकेत हत्ती पडायचा, आणि त्याच जहाजांच्या वाटेने माणसेही गुलाम म्हणून यायची. मोझांबिकहून हस्तिदंत आणि गुलाम हे दोन्ही गोव्याला येत. गोव्यात भर बाजारात माणसे विकली जात. बायकांचा इतिहास म्हटला म्हणजे तो सगळाच गोड असेल असे नाही. ज्या घरात चुडा भरताना गाणी झाली त्या घराला हे ठाऊकही नसेल.

आणि जहाज फुटले तेव्हा त्यावर माणसे होती. पोर्तुगीज होते, तसे खलाशी, तांडेल, नोकर म्हणून आपल्या बाजूचे लोकही अशा जहाजांवर असत. सुंचीवर कोण बुडाले त्यांची नावे कुठे नाहीत. आपल्या कोकणात ज्यांच्या आजोळी 'रामदास' बोटीची आठवण निघते त्यांना हे सांगावे लागणार नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या; मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांची निदान नावे घराघरांत राहिली. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या माणसाच्या घरी बायको किती वर्षे कुंकू लावून वाट पाहत बसली असेल, ते समुद्र सांगत नाही. म्हणून कुणी बुडालेल्या जहाजाला गंमत म्हटले की मला बरे वाटत नाही.

दुसरी जागा सेंट जॉर्जचा खडक, ग्रांदे बेटाच्या बाजूला. येथली गोष्ट ऐकून तुम्ही आपापल्या छपराकडे पाहाल. येथे समुद्राच्या तळाशी कौलांचा ढीग आहे. साधी कौले, आढ्यावर बसवायची कौले, फरशा, धुराड्याच्या विटा, पोकळ खांबांचे गोल तुकडे, आणि त्या खांबांवर बसवायचे पानांची नक्षी असलेले माथे. सगळे भाजलेल्या मातीचे. काहींवर इंग्रजी अक्षरे उमटवलेली आहेत: बासेल मिशनचा कौलांचा कारखाना, आणि साल १८६५.

बासेल हे स्वित्झर्लंडमधील शहर. तेथील ख्रिस्ती मिशनरी १८३४ साली मंगळूरला आले. जे लोक धर्मांतर करीत त्यांना जातीबाहेर टाकले जाई, त्यांचा धंदा तुटे. म्हणून मिशनने त्यांच्यासाठी विणकामाचे आणि पुढे कौलांचे कारखाने काढले. गेओर्ग प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती तपासली, ती यंत्रात दाबून सांध्यात सांधा बसेल अशी कौले पाडली आणि भट्टीत भाजली. हीच आपली मंगलोरी कौले. पुढे याच धर्तीवर इतरांनीही पुष्कळ कारखाने काढले. या कारखान्यांत बायकाही कामाला असत.

मंगलोरी कौल येण्यापूर्वी आपल्याकडे गवताचे छप्पर किंवा कुंभाराची नळीची कौले. नळीची कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उतरवून पुन्हा लावावी लागत; त्याला शाकारणी म्हणत. माकडांनी एक उडी मारली, की मधली दहा कौले सरकलीच. रात्री पाऊस लागला म्हणजे घरातली बाई काय करी? पातेली, परात, तांब्या, जे सापडेल ते गळतीखाली मांडत फिरे, आणि मुलांच्या वळकट्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेई. माझ्या आजेसासूबाई सांगत, की त्यांच्या घरावर मंगलोरी कौले चढली त्या पावसाळ्यात त्या पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते, वजनाला हलके पडते, आणि वर्षाला शाकारणी मागत नाही. ज्या शोधाने बायकांची झोप परत दिली त्याला मी मोठा शोध म्हणते. आगगाडीच्या शोधावर धडा असतो, कौलावर नसतो, एवढेच.

ही कौले मंगळूरहून गलबतांतून आणि फतेमारींतून वर सरकत: कारवार, गोवा, आपली बंदरे, मुंबई. सेंट जॉर्जच्या खडकावर जे गलबत अडले ते अशा मालाने भरलेले होते. त्याचे लाकूड गेले, शिडे गेली. परंतु भाजलेली माती समुद्रालाही विरघळवता येत नाही, म्हणून ढीग राहिला. नक्षीचे खांब कुणाच्या तरी नव्या वाड्यासाठी किंवा कचेरीसाठी मागवलेले असणार. कुणाच्या तरी घराचे छप्पर त्या वर्षी आलेच नाही.

तिसरी जागा आमी. तेथे एका आगबोटीचे यंत्र आणि बॉयलर पडलेला आहे. शिडाचे दिवस संपून कोळशाचे दिवस आले, त्या काळातली ती. यंत्रातले मला फारसे कळत नाही, तेव्हा पुढे जाते. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' आणि तिच्याबरोबरची जर्मन-इटालियन जहाजे जळून बुडाली ती हकीकतही मी सोडून देते. तिच्यावर इंग्रजांनी बोलपट काढलेला आहे आणि पुरुषमंडळींकडून ती आपण पुरेशी ऐकली आहे.

वस्तू वर आणल्यावर पुढे काय करतात, हा भाग मात्र मला अगदी घरच्यासारखा वाटला. खाली काम करताना पाणबुडे दोऱ्या आणि चौकटी लावून जागेचे चौकोन पाडतात, आणि कोणत्या चौकोनात काय पडले आहे ते पाण्यात न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने काढून घेतात. मग वस्तू वर येते. आता ती उन्हात वाळवली तर काय होईल? आपल्या लोणच्याच्या जुन्या मातीच्या भांड्याला बाहेरून मीठ फुटते, आठवते ना? पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते आणि त्याबरोबर मातीचे पापुद्रे सुटतात. समुद्रात शतकानुशतके राहिलेल्या खापराच्या कणाकणात मीठ शिरलेले असते. ते वाळले की मिठाचे खडे होतात आणि आतूनच झिलई फोडून बाहेर येतात. म्हणून खापर गोड्या पाण्यात घालून ठेवायचे आणि पाणी बदलत राहायचे. आठवडे, कधी महिने. हस्तिदंत तर फारच नाजूक. तो एकदम वाळला की पदर सुटून भेगाळतो, त्याला हळूहळूच सुकवावे लागते. लोखंडी तोफेची तऱ्हा आणखी निराळी. समुद्रात ती निमूट पडलेली असते. वर आणून तशीच ठेवली तर काही वर्षांत तिचे गंजाचे ढेकूळ होते. तिला विद्राव्यात बुडवून त्यातून विजेचा सौम्य प्रवाह सोडून तिच्यातले मीठ काढतात. हे खर्चाचे, सोशिकपणाचे काम आहे. त्यामुळेच युनेस्को या जागतिक संस्थेने २००१ साली बुडालेल्या वारशासाठी जो करार केला त्यात पहिला पर्याय असा सांगितला आहे, की वस्तू जेथे पडली आहे तेथेच राहू द्यावी.

पण ती तेथे राहते का? ग्रांदे बेटाच्या परिसरात हिवाळ्यात पर्यटकांच्या होड्या असतात. एका बुडालेल्या लोखंडी मालवाहू जहाजाचे अवशेष तेथे हौशी पाणबुड्यांना दाखवतात. मासे दिसतात, पोवळी दिसतात, माणसे आनंदाने वर येतात. माझा पुतण्या याच कामावर आहे आणि त्याचे पोट त्यावर आहे, म्हणून मी त्या धंद्याला नावे ठेवणार नाही. मागच्या हिवाळ्यात त्याच्या होडीवरील एका गिऱ्हाइकाने तळाशी पडलेला कौलाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालून वर आणला. पुतण्याने तो त्याच्याकडून परत मागितला आणि पुन्हा उतरून होता त्या जागी ठेवून आला. गिऱ्हाईक रागावले. होडीच्या मालकाने सगळ्यांसमक्ष पोराला झापले आणि दोन दिवसांची मजुरी कापली. म्हणाला, एका कौलाच्या तुकड्यासाठी तू माझे गिऱ्हाईक घालवतोस? घरी आल्यावर पोरगा जेवताना गप्प होता. त्याचे वडील, म्हणजे माझे भावजी, त्यांनाही मालकाचेच पटले. खापर ते खापर, असे ते म्हणाले.

मी त्या दिवशी भावजींशी वाद घातला. थोरले दीर, तेव्हा आमच्या घरात असे सहसा होत नाही. मी म्हटले, आपल्या गावच्या देवळातली एक पायरी कुणी आठवण म्हणून उचलून नेली तर चालेल का? तो म्हणेल, पायऱ्या पुष्कळ आहेत, एक गेली तर काय! कौलाचा तुकडा घरी फळीवर नेऊन ठेवला तर तो नुसता कौलाचा तुकडा. तळाशी, ढिगात, अक्षरे असलेल्या दुसऱ्या कौलाच्या शेजारी पडलेला असतो तेव्हा तो सांगतो, की माल कुठला, गलबत कुठे टेकले, कोणत्या बाजूला कलंडले. दहा पर्यटकांनी दहा तुकडे उचलले, असे दहा हिवाळे झाले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला तेथे नुसती वाळू मिळेल. कायदाही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खिशात घालून चालते होण्याची गोष्ट नाही. परंतु समुद्राच्या तळाशी पोलीस कोठून उभा राहणार? तेथे होडीवरचा मुलगा हाच काय तो राखणदार, आणि त्यालाच दंड.

आता हा व्यवसाय आपल्या जिल्ह्यातही वाढत चालला आहे. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास लोक स्कूबासाठी उतरतात. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या समुद्रात मुद्दाम बुडवून पाणबुड्यांना पाहण्यासाठी ठेवावयाची योजना शासनाने आखली आणि २०२५ साली तिचा फार गाजावाजा झाला. प्रथम ऐकले तेव्हा मला हे विचित्र वाटले. चांगली उभी असलेली बोट हाताने बुडवायची? मग पुतण्याने समजावले, की अशी बोट तळाशी गेली की तिच्यावर शिंपले, पोवळी धरतात, माशांना घर मिळते, आणि पर्यटकांना हात लावायला, आत शिरायला ती एक जागा होते. मग मला ते पटले. हौस फेडायला 'गुलदार' असावी, आणि जुन्या फुटलेल्या गलबतांना लोकांनी दुरून पाहावे.

यंदा नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या दोघीतिघींशी मी हा विषय काढला. त्यांतील एक म्हणाली, जाळ्यात कधी कधी जाड खापरे येतात. मुलगे ती तशीच पाण्यात टाकतात, जाळे फाटते म्हणून शिव्या देतात. मी तिला विचारले, कुठल्या बाजूला येतात? तिने हाताने समुद्राकडे दाखवले. खापर पुन्हा आले तर ते वाळवू नकोस, गोड्या पाण्याच्या बादलीत घालून ठेव आणि जागा ध्यानात ठेव, एवढे तिला सांगून आले आहे. दोना पावलाच्या संस्थेला पत्र कसे लिहावे याचा मसुदा पुतण्याने करून दिला आहे; तो माझ्या डब्यात ठेवलेला आहे.